रिसबूडसाहेबांचं मत

भोपाळच्या कारखान्यात मी रुजू झालो त्या दिवशी मला दोन खडू मिळाले, एक पांढरा आणि एक लाल. देणारे होते श्रीधर रिसबूड, तपासणी विभागातले सीनियर इन्स्पेक्टर. मूळचे सांगलीकडचे, तरुणपणीच नोकरीसाठी इकडे आलेले.

"पांढरा म्हणजे पास, लाल म्हणजे परत," ते म्हणाले. "आणि भागवत, कळलं नाही तर खडू खिशात ठेवायचा. उगाच खूण करायची नाही."

मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटणं लावलेली, चष्म्याला मागून दोरी. चालताना त्यांचं एक बोट सतत कशावरून तरी फिरत असायचं, मशीनच्या कडेवरून, टेबलाच्या कोपऱ्यावरून, कुणाच्या घरी गेले तर दाराच्या चौकटीवरून. मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांच्याकडे एकच काम असायचं. पडदा उघडायच्या आधी स्टेजच्या पायऱ्यांवरून ते दोनदा चढउतार करून बघत. त्यानंतरच मुलांना वर सोडायचं.

त्यांचं हिंदी मराठी वळणाचं होतं, पण एक वाक्य अगदी साफ होतं. कुणी भलतंच उत्तर दिलं की मान जराशी तिरकी करून विचारायचे, "मैंने क्या पूछा, आपने क्या बताया?" आवाज चढवायचे नाहीत. समोरचा मुद्द्यावर येईपर्यंत तेच परत विचारायचे. त्या वाक्याला फोरमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे टरकून असत.

एकदा मार्च संपत आलेला, आणि बाहेरून आलेल्या एका मोठ्या ओतीव भागाला साहेबांनी लाल खूण केली. आत पोकळी असल्याचा त्यांना संशय होता. वरचे अधिकारी स्वतः खाली आले. आधी समजावलं, मग दरडावलं. रिसबूडसाहेबांनी खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "सर, पास करने का अधिकार आपको भी है. साइन कीजिए, पेन मेरा लीजिए." अधिकारी पेनाकडे बघत राहिले, मग निघून गेले. तो भाग परत गेला. साहेबांचं प्रमोशनही त्या वर्षी परत गेलं. 

हे सांगतोय ते अशासाठी की हा माणूस संशयी नव्हता, हे लोकांना खरं वाटत नाही. उलट टाउनशिपमध्ये असताना त्यांचा सरकारवर जेवढा विश्वास होता तेवढा मी कुणाचाच पाहिला नाही. टाउनशिप होतीच तशी. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, दवाखाना, शाळा. खांबावरचा दिवा गेला तर ऑफिसात वहीत लिहून यायचं, संध्याकाळपर्यंत शिडी घेऊन माणूस हजर. रिसबूडसाहेबांना वाटायचं, सगळा देश हळूहळू असाच होणार आहे. मतदानाच्या दिवशी ते इस्त्रीचे कपडे घालून, बायकोला, आमच्या मालतीकाकूंना, बरोबर घेऊन, सात वाजता शाळेतल्या केंद्रावर पहिल्या रांगेत असत. "सरकार म्हणजे दुसरं कोण, आपणच की," असं म्हणत.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. भोपाळमध्येच, अवधपुरी भागाच्या पलीकडे नव्या कॉलनीत त्यांनी घर बांधलं, आणि दोन गल्ल्या सोडून पुढे मीही बांधलं. कॉलनीत आमच्यासारखेच कारखान्यातून निवृत्त झालेले लोक. कॉलनी आणि मोठा रस्ता यांच्या मध्ये एक नाला होता आणि त्यावर पुलिया होती. पुलिया म्हणजे काय, तीन सिमेंटचे पाइप आणि वर टाकलेली माती. पावसाळ्यात पाणी वरून जायचं. मग आम्ही तास-दोन तास अलीकडेच.

रिसबूडसाहेबांनी टाउनशिपच्या सवयीने अर्ज केला. उत्तर आलं नाही म्हणून दुसरा केला. मग स्वतः गेले. वॉर्डाच्या ऑफिसात सांगितलं, ही पुलिया रस्त्यांच्या खात्याची. रस्त्यांच्या खात्यात सांगितलं, वॉर्डाची. दोन निवडणुकांच्या आधी दोनदा तिथे भूमिपूजन झालं, नारळ फुटला, आणि दोन्ही वेळा पुढच्या पावसात पाणी वरून गेलं. तरी साहेब दोन्ही निवडणुकांना इस्त्रीचे कपडे घालून गेले. "फाइल हलायला वेळ लागतो, भागवत," ते मला म्हणाले होते.

मग ऑगस्टमधली ती दुपार. सकाळपासून पाऊस लागलेला. काकू धुतलेले कपडे घरात दोरीवर टाकत होत्या आणि टाकता टाकता खाली बसल्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. साहेबांचा फोन आला तसा मी धावलो. ॲम्ब्युलन्स लगेच निघाली होती, वीस मिनिटांत नाल्यापाशी पोचलीही होती, पण पलीकडच्या काठावर. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तो घरापर्यंत ऐकू येत होता. आम्ही चौघांनी काकूंना बाजेवर घातलं आणि नाल्याच्या काठाशी आणलं. पाणी कमरेइतकं, ओढ जबरदस्त. उतरायची कुणाची छाती होईना. साहेब काकूंच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते आणि पाण्याकडे बघत होते, पलीकडच्या गाडीकडे नाही. दीड तासाने पाणी उतरलं.

काकू वाचल्या. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. साहेबांनी विचारलं, "थोडं म्हणजे किती?" डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "एखाद तास."

त्यानंतर घरात मदतीला बाई ठेवली तरी काकूंची वेणी साहेब स्वतः घालत. आधी वाकडीतिकडी यायची, मग छान जमायला लागली.

पुढची निवडणूक विधानसभेची होती. यंत्रावर "यापैकी कोणी नाही" असं बटण तेव्हा आलेलं नव्हतं. रांगेत मी साहेबांच्या मागेच होतो. त्यांनी बोटाला शाई लावून घेतली, रजिस्टरात सही केली आणि शांतपणे म्हणाले, "मैं वोट नहीं दूँगा. यह बात रजिस्टर में लिख लीजिए."

टेबलामागचा अधिकारी गोंधळला. "अंकलजी, नहीं देना था तो घर पे रहते. ऐसा कोई नहीं करता."

"घर पे रहता तो आलसी गिना जाता. नियम में है, किताब निकालिए."

"अंकलजी, पीछे लाइन है."

"मैंने क्या पूछा, आपने क्या बताया?"

पुस्तक निघालं, नियम सापडला. अधिकाऱ्याने शेरा लिहिला, साहेबांनी त्याखाली दुसरी सही केली. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "लाल." एवढंच. मला वाटलं, संपलं. या माणसाचं मतदान संपलं.

पण वॉर्डाची निवडणूक आली तेव्हा एका सकाळी ते माझ्या फाटकाशी उभे. "भागवत, गेल्या वेळी मी नाही म्हणून आलो. त्याने काय झालं? रजिस्टरात एक ओळ वाढली. पाणी होतं तेवढंच आहे. नाही म्हणणं सोपं होतं, म्हणून केलं मी ते." मग म्हणाले, "या वेळी निवडायचं. पण तपासून."

मोठ्या पक्षांचे उमेदवार त्यांनी आधीच बाजूला ठेवले होते, दोन भूमिपूजनं दोघांनी एकेक केली होती. उरले तीन अपक्ष. एक कोचिंग क्लासचे मालक, चौकाचौकात हात जोडलेले फलक लावलेले. एक फौजेतून निवृत्त झालेले अधिकारी. आणि तिसरी गोमतीबाई. ती नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायची आणि आमच्याच कॉलनीत दोन घरी पोळ्या करायची. वस्तीत टँकर आला की बायकांची रांग तीच लावायची, आणि त्या रांगेत भांडण झालेलं कुणी पाहिलेलं नव्हतं. तिची निशाणी होती बादली.

साहेबांनी तिघांनाही निरोप धाडला, व्हरांड्यात या, दोन प्रश्न विचारायचे आहेत. काकूंची चाकाची खुर्ची बाजूलाच असायची. पहिला प्रश्न, ही पुलिया कुणाच्या हद्दीत आहे? दुसरा, तुम्ही निवडून आलात आणि काम झालं नाही, तर मी तुम्हाला कुठे आणि किती वाजता भेटू?

कोचिंगवाले फोटोग्राफर घेऊन आले. पुलियाचं उत्तर त्यांनी देशातल्या तरुणांपासून सुरू केलं. दुसऱ्या प्रश्नावर फोन नंबर दिला. साहेब म्हणाले, "नंबर नहीं, जगह बताइए." ते हसले आणि काकूंच्या खुर्चीमागे उभं राहून फोटो काढून घ्यायला निघाले. साहेबांनी खुर्ची वळवून काकूंना आत नेलं.

फौजी अधिकारी भला माणूस होता. वेळेवर आला, पाणीसुद्धा मागून घेतलं नाही. म्हणाला, "ऐसी पुलिया फौज चार घंटे में डाल देती है. सारे बाबुओं को एक लाइन में खड़ा कर दूँगा." साहेब त्याच्यावर आठवडाभर विचार करत होते. शेवटी मला म्हणाले, "माणूस सरळ आहे. पण बाबूंना ओळीत उभं करणं वॉर्डाच्या माणसाच्या हातात नसतं. जे हातात नाही ते तो देतोय. म्हणजे एक तर त्याला माहीत नाही, नाहीतर माहीत असून बोलतोय. दोन्ही धोक्याचं."

गोमतीबाई पदराला हात पुसत आली, एका घरच्या पोळ्या आटपून. बस म्हटलं तरी आधी बसली नाही. पहिला प्रश्न ऐकून म्हणाली, "अपन को नहीं मालूम, बाबूजी."

साहेबांनी मान वर केली. इतक्या वर्षांत या प्रश्नाला माहीत नाही असं उत्तर त्यांना कुणीच दिलेलं नव्हतं.

"और दूसरा?"

"सुबह सात से नौ तो अपन मिश्राजी के यहाँ रोटी बनाते हैं. वहीं आ जाना, पिछवाड़े से."

आठ दिवसांनी ती परत आली, न बोलावता. तीन दिवस ती पटवाऱ्याच्या, म्हणजे तिकडच्या तलाठ्याच्या, दारात जाऊन बसली होती. तिसऱ्या दिवशी कंटाळून त्याने जमिनीचा नकाशा उलगडून दाखवला. "बीचवाले पाइप पे लाइन है, बाबूजी. इधर का वॉर्ड का, उधर का रोडवालों का. आधी-आधी है, इसीलिए कोई नहीं करता."

साहेब त्याच दुपारी पटवाऱ्याकडे गेले, नकाशाची नक्कल घेतली, टेप घेऊन नाल्यात उतरले आणि मला दुसरं टोक धरायला लावलं. मोजून वर आले. चेहऱ्यावर चिखल उडालेला. "हातभराचाही फरक नाही," ते म्हणाले. "एवढे अर्ज केले मी. कुणी नकाशा उघडला नाही. मीसुद्धा नाही."

संध्याकाळी गोमतीबाईला त्यांनी सांगितलं, "वोट दूँगा. भरोसा नहीं दूँगा. भरोसा काम के बाद."

गोमतीबाई म्हणाली, "भरोसा तो बाबूजी, अपन को भी आप लोगों पे नहीं है. सात साल से रोटी खिला रही हूँ, अब जाके पहली बार किसी ने कुर्सी दी."

साहेब म्हणाले, "ठीक है. बराबर है."

त्यानंतरचे पंधरा दिवस रिसबूडसाहेब कॉलनीत घरोघर फिरले. ज्या माणसाने आयुष्यात कुणाकडे स्वतःसाठी शब्द टाकला नाही, तो लोकांच्या फाटकांच्या कड्या वाजवत होता. लोक हसले. सक्सेनाजी डेप्युटी मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, ते म्हणाले, "रिसबूड साब, अब क्या खाना बनानेवाली राज करेगी?"

"सक्सेनाजी, आपके घर का चूल्हा और पिछवाड़े की चाबी कितने साल से इनके पास है?"

"वो अलग बात है."

"मैंने क्या पूछा, आपने क्या बताया?"

सक्सेनाजींनी फाटक लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा त्याच फाटकाशी उभे होते, हातात नकाशा.

मतदानाच्या दिवशी काकूंना चाकाच्या खुर्चीतून नेलं. केंद्रावरची मुलगी म्हणाली, अंकल, तुम्ही बरोबर आत जाऊ शकता, त्यांच्या वतीने बटण दाबू शकता. साहेब म्हणाले, "उसका वोट उसका है. हाथ एक चलता है, काफी है." खुर्ची पडद्याआड लावून ते बाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आतून बराच वेळ काही आवाज येईना. अधिकारी चुळबुळ करायला लागले. मग यंत्राचा लांब सूर वाजला. काकूंनी कुणाला मत दिलं हे साहेबांनी कधी विचारलं नाही. काकू डाव्या हाताने पाटीवर लिहायला शिकल्या होत्या, विचारलं असतं तर सांगितलंही असतं.

गोमतीबाई निवडून आली. अगदी थोड्या मतांनी, पण आली. वस्तीत ढोल वाजले. आमच्या कॉलनीतून तिला किती मतं पडली असतील कोण जाणे, पण सक्सेनाजी पेढा घ्यायला बाहेर आले.

शपथविधीनंतरच्या सोमवारी सात वाजता साहेब मिश्राजींच्या मागच्या दाराशी हजर. मिश्रावहिनी म्हणाल्या, "अब वो रोटी क्यों बनाएँगी, भाईसाब?" साहेब तिथून वस्तीत गेले. गोमतीबाईच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत तिचा दीर बसला होता, डोळ्यांवर नवा गॉगल. "भाभी मीटिंग में हैं. एप्लिकेशन मुझे दे दो."

साहेबांनी अर्ज दिला नाही. समोरच्या दगडावर बसले. नऊ वाजता उठून घरी आले. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. मी म्हटलं, "साहेब, झाली तीही त्यांच्यासारखीच. सोडा आता."

"मी भरोसा दिला नव्हता, भागवत. त्यामुळे मला वाईट वाटायचं कारण नाही. वेळ ठरली होती, सात ते नऊ. मी माझी वेळ पाळतोय."

अकरा दिवस ते त्या दगडावर बसले. बाराव्या दिवशी गोमतीबाई आतून बाहेर आली. दिराला खुर्चीतून उठवलं, खुर्ची पदराने पुसली आणि साहेबांसमोर ठेवली. स्वतः पायरीवर बसली. "शरम आ गई, बाबूजी. कल से सात से नौ मैं यहीं मिलूँगी." आणि ती भेटायला लागली. रोज नाही, पण बहुतेक दिवस.

पहिल्या उन्हाळ्यात वॉर्डाने आपल्या हद्दीतली अर्धी पुलिया बांधली. नाल्याच्या मध्यापर्यंत रुंद, पक्की, कठड्याची. आणि मध्यापासून पुढे जुने पाइप आणि माती. लोक मुद्दाम बघायला आले, फोटो काढले, पोट धरून हसले. साहेबांनीही फोटो काढला. तो फोटो आणि नकाशा घेऊन ते गोमतीबाईबरोबर रस्त्यांच्या खात्यात जाऊ लागले. व्हरांड्यातल्या बाकावर ती दोघं शेजारी बसलेली मी एकदा पाहिली. ती डब्यातली पोळी त्यांना देत होती, आणि साहेब तिला फाइलवरचे शेरे वाचून दाखवत होते. पुढच्या उन्हाळ्यात उरलेली अर्धी झाली. उद्घाटनाला मोठे पाहुणे आले, फीत कापली गेली, गोमतीबाई खाली गर्दीत उभी होती. साहेब भाषणं चालू असताना कठड्यावरून बोट फिरवत पुलियाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. परत येऊन कंत्राटदाराला म्हणाले, "रेलिंग का तीसरा पाइप ढीला है. कसवा दीजिए."

दोन वर्षांनी जानेवारीत काकूंना दुसरा झटका आला. त्या वाचल्या नाहीत. मी पोचलो तेव्हा साहेब फाटकाशी उभे होते. "ॲम्ब्युलन्स दारापर्यंत आली होती, भागवत," ते म्हणाले. "बारा मिनिटांत." मग आत जाऊन काकूंची वेणी घालायला बसले.

मी भोपाळ सोडलं ते पुढच्या वॉर्ड निवडणुकीनंतर, मुलाकडे नाशिकला राहायला. त्या निवडणुकीत गोमतीबाई पुन्हा उभी होती, पण या वेळी एका मोठ्या पक्षाचं तिकीट घेऊन. तिच्याविरुद्ध एक नवी अपक्ष होती, नर्सची नोकरी सोडून उभी राहिलेली. कॉलनीत सगळ्यांनी धरून चाललं होतं की रिसबूडसाहेबांचं मत गोमतीलाच.

मी मत देऊन बाहेर आलो तेव्हा साहेब रांगेत होते. पाठ थोडी वाकलेली, कपडे इस्त्रीचे. केंद्रावरचा शिपाई त्यांना म्हणत होता, "दादाजी, आप बुज़ुर्ग हैं, सीधे आगे जाइए." साहेब म्हणाले, "नहीं, मुझे वक्त चाहिए." तेवढ्यात गोमतीबाई कार्यकर्त्यांबरोबर केंद्र बघायला आली. घोळक्यातून निघून तिने साहेबांना वाकून नमस्कार केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तब्येत विचारली. मत देतो असं म्हणाले नाहीत, आणि तिनेही मागितलं नाही. ती गेल्यावर मी जवळ जाऊन विचारलं, "साहेब, तिलाच ना?"

ते समोर बघत होते. कपाळावर आठ्या होत्या, आणि उजव्या हाताचं बोट अंगठ्यावर फिरत होतं.

"अजून ठरलं नाही," ते म्हणाले. "पुढे चार माणसं आहेत. तेवढा वेळ आहे मला."